खळ्यातच करा कबड्डीचं मैदान : कोबा नको, लाल माती बरी

आंजर्ले (ता. दापोली) : भातकापणी आटपली की आपल्याकडे खळं करायची जुनी पद्धत. आता बऱ्याच घरांपुढे खळं जाऊन कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक आलेत. आमच्याकडेही कोबा घातला. पोरं त्यावर कबड्डी खेळली आणि पहिल्याच आठवड्यात दोघांचे गुडघे सोलले. बास्केटबॉलला चेंडू उसळायला टणक जमीन लागते. कबड्डीत माणूस पडतो, तिथे मातीच हवी. ती घरच्या घरी कशी करायची, ते बघू.

माप
पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8 मीटर. घरच्या जागेत दुसरं माप सोयीचं. चारी बाजूंना किमान एक मीटर मोकळं सोडा, म्हणजे एकूण 14 बाय 10 मीटर जागा लागेल. त्या पट्ट्यात चिऱ्याची पायरी, माडाचा बुंधा किंवा तुळशीवृंदावन येता कामा नये.

आधी पाणी, मग माती
दापोली तालुक्यात वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी तुंबलं तर मैदान एका पावसात जाईल. म्हणून आधी कडेने चर खणा आणि तो पऱ्ह्याला नाहीतर बागेकडे काढून द्या. मैदानाचा मध्य कडेपेक्षा 5 सेंटिमीटर उंच ठेवा. उंची बघायला मिस्त्रीची पाणी भरलेली नळी पुरते.

माती
गवत, मुळं काढून जमीन खणून घ्या. ओल धरणारी जागा असेल तर खाली चिऱ्याच्या कपच्यांचा थर द्या. त्यावर 4 इंच लाल माती. 14 बाय 10 मीटरला ती सुमारे 5 ब्रास होते (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). खणलेली माती चांगली असेल तर तीच चाळून वापरा. बाहेरून आणायची तर परवान्याची चौकशी आधी तलाठ्याकडे करा.

मातीची परीक्षा सोपी आहे. ओली करून बोटाएवढी वळी करा. वळीच होत नसेल तर रेती जास्त. वाळल्यावर तडे गेले तर चिकण जास्त, मग थोडी बारीक रेती मिसळा. किनाऱ्यावरची वाळू मात्र आणू नका. ती खारट असते आणि उचलायलाही बंदी आहे.

चोपणी
माती एकदम टाकू नका. 2 इंच टाका, पाणी शिंपडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी चोपण्याने चोपा. मग दुसरा थर. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण तळहाताला चिखल लागू नये, एवढीच ओल हवी. तडे गेले तर पातळ चिखल भरून परत चोपा.

खळं इथेच सारवतात. खेळाच्या जागेवर मात्र शेण नको. धनुर्वाताचे जंतू शेणात आणि मातीत असतात, आणि खरचटणं तर रोजचंच. त्याऐवजी बारीक चाळलेली माती आणि लाकडाचा भुसा मिसळून इंचभर मऊ थर पसरा. त्याला अजून एक ब्रासभर माल धरा. खडा किंवा काच राहिली नाही ना, हे हात फिरवून बघा.

आखणी
खुंट्या मारून दोरी धरा. कोपऱ्यातून एका बाजूला 3 मीटर, दुसऱ्या बाजूला 4 मीटर मोजा. तिरकं अंतर 5 मीटर आलं तर कोपरा काटकोनात आहे. 12 बाय 8 च्या मैदानात दोन्ही कर्ण 14.42 मीटर भरले पाहिजेत. मध्यरेषा 6 मीटरवर. तिथून निदान रेषा 3 मीटरवर आणि बोनस रेषा 4 मीटरवर. दोन्ही बाजूंची एकेक मीटर लॉबी या मापातच येते.

रेषांना कळीचा चुना वापरू नका. पकडीत तोंड जमिनीला लागतं आणि चुना डोळ्यात गेला तर इजा होते. रांगोळी पुरते.

देखभाल
खेळाआधी पाणी शिंपडायचं, खेळानंतर फळीने माती सारखी करायची. खरचटलं तर साबण-पाण्याने लगेच धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. पावसाआधी वरचा मऊ थर गोळा करून पडवीत ठेवा. जागेवर झाप घाला.

मोठे सामने आता मॅटवर होतात. 1990 ला पुरुषांची आणि 2010 ला महिलांची कबड्डी आशियाई खेळांत गेली. पण आपल्या पोरींना पहिली पकड शिकायला मॅट कुठून आणणार? खळं घरचं आहे. आणि चोपणं अजून माळ्यावर असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी बोलवा. माती किती ओली हवी, ते त्यांना नुसतं बघून कळतं.