चोथ्याचा इतिहास

चहाचा इतिहास लिहिणारांनीं मळे, जहाजें, जकाती व लढाया यांचें वर्णन पुष्कळ केलें आहे. परंतु गाळणींत उरणाऱ्या चोथ्याकडे त्यांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. वास्तविक ह्या चोथ्यानें एके काळीं इंग्लंडच्या पार्लमेंटाला कायदा करावयास लाविलें होतें.

अठराव्या शतकांत तेथें चहा अतिशय महाग असे. १७८४ च्या कायद्यानें त्यावरील जकात शेंकडा ११९ वरून साडेबारावर आणली, यावरून पूर्वीच्या भाराची कल्पना येईल. अशा स्थितींत बड्या घरचा चोथा नोकरचाकर विकीत, आणि घेणारे तो वाळवून, रंगवून, पुन्हां चहा म्हणून बाजारांत आणीत. १७७७ च्या कायद्यानें रानझुडपांचीं पानें व एकदां वापरलेला चहा असा रंगवून विकणें दंडनीय ठरविलें. त्या कायद्याला प्रजेच्या आरोग्याबरोबर रानांतील झाडाझुडपांच्या नाशाचीहि चिंता होती, हें विशेष! तरीहि १७८५ त रिचर्ड ट्वायनिंग ह्या व्यापाऱ्यानें लिहिलें आहे कीं, ॲश वृक्षाचीं पानें मेंढ्यांच्या लेंड्यांत भिजवून नकली चहा बनविला जातो. जें खत शेतांत सोनें झालें असतें, तें गरिबाच्या पेल्यांत गेलें. कारण फसे तो गरीबच. अस्सल माल घेणाऱ्याच्या घरीं चोथा निर्माण होई, त्याच्या पोटांत तो जात नसे. पुढें १८७५ च्या कायद्यानें सत्त्व निघून गेलेला चहा बंदरांतच अडविण्याची तजवीज केली. सभ्य घरांत ओला चोथा गालिच्यावर पसरून धूळ झाडीत. १८६१ च्या मिसेस बीटनच्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथांत तशी सूचना आहे.

आपल्याकडे १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापायीं टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. त्याच चहाचा चोथा आज घरोघर पडतो आणि बहुधा केराच्या टोपलींत जातो. वस्तुतः त्यांत नत्र आहे, आणि तो कुजून उत्तम खत होतो.

कुजविण्याचें शास्त्र मात्र आपल्या दाराशींच तयार झालें. आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत होळकरांच्या इंदुरांत वनस्पति-संशोधनसंस्थेचे प्रमुख होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर रचून, ओलावा राखून, ते वेळोवेळीं खालींवर करावयाचे, म्हणजे सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. हीच ‘इंदूर पद्धति’. १९३१ च्या मूळ ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेंहि नांव आहे. हॉवर्ड यांना १९३४ त ‘सर’ ही पदवी मिळाली, कीर्ति जगभर झाली. वाडांचें नांव घेणारे विरळाच. हिंदी शेतकऱ्याला आपला प्राध्यापक म्हणण्याइतके हॉवर्ड दिलदार होते. तेव्हां हा विसर त्यांच्या अनुयायांच्या पदरीं टाकणें मला अधिक न्याय्य वाटतें.

ही पद्धति चहाच्या मळ्यांनींहि उचलली. उत्तर बंगालमधील गांद्रापारा मळ्याचें उदाहरण हॉवर्ड यांनीं १९४० च्या आपल्या ग्रंथांत दिलें आहे. म्हणजे इंदुरी खतावर झुडूप वाढलें, आणि त्याचीं पानें आपल्या किटलींत आलीं!

घरगुती बागेपुरतें एवढेंच सांगावयाचें कीं, आपला चहा दूधसाखरेचा. चोथा तसाच कुंडींत टाकल्यास मुंग्या धांवतात. तो दोन पाण्यांनीं धुवावा, उन्हांत वाळवावा, आणि पालापाचोळ्याच्या ढिगांत मिसळावा.