हृदयातील मूलपेशी: एक हेत्वाभास

परभणी-जिंतूरकडचा पेशंट ॲन्जिओग्राफी करून संभाजीनगरहून परततो, ‘पंपिंग’ पंचवीस टक्क्यांवर आलेले असते, आणि घरातला शिकलेला पोरगा विचारतो, हृदयात स्टेम सेल असतातच ना, मग त्या टोचून हृदय नवे का करत नाहीत? प्रश्न भाबडा नाही. त्यामागे नामांकित नियतकालिकांचा आधार होता.

पूर्वपक्ष असा. २००१ साली पिएरो अन्वर्सा यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये लिहिले, की अस्थिमज्जेतील सी-किट खूण असलेल्या पेशी टोचल्यावर उंदराच्या हृदयाच्या मृत भागापैकी ६८ टक्के जागी नवा स्नायू आला. २००३ साली ‘सेल’मध्ये पुढचा दावा झाला: अशा पेशी प्रौढ हृदयातच राहतात. मग माणसांवर चाचण्या झाल्या आणि पंपिंग सुधारल्याचेही छापून आले.

नैयायिकाने इथेच हेतू तपासला असता. ‘सी-किट आहे, म्हणून मूलपेशी’ हे अनुमान सव्यभिचारी आहे, म्हणजे हेतू साध्य नसतानाही सापडतो. हीच खूण प्रतिकारशक्तीच्या मास्ट पेशींवरही असते, आणि त्या काही हृदयाचा स्नायू घडवत नाहीत. खूण पाहणे सोडून पेशींची वंशावळ शोधायला हवी होती. २००४ साली दोन स्वतंत्र गटांनी ती शोधली, तेव्हा मज्जेतल्या पेशींचा स्नायू झालेला दिसलाच नाही. हृदयातल्या सी-किट पेशींची पाळी २०१४ साली आली. जेफ्री मोल्केंटिन यांच्या गटाने उंदरांत त्यांना जन्मापासूनची कायमची खूण केली. त्यांच्यापासून झालेल्या स्नायुपेशी निघाल्या जेमतेम ०.०३ टक्के.

तरी पंपिंग सुधारले त्याचे काय? ते अन्यथासिद्ध आहे, म्हणजे दुसऱ्याच कारणाने घडलेले. मोल्केंटिन यांच्याच गटाने पुढे उंदरांच्या हृदयात मारलेल्या पेशी टोचल्या, यीस्टपासून काढलेले झायमोसानही टोचले. फायदा तेवढाच! भक्षक पेशी धावून आल्या, व्रणाची घडण बदलली, इतकेच. मेलेली पेशी स्नायू कुठून घडवणार?

२०१८ साली हार्वर्डने बनावट माहितीमुळे अन्वर्सांचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असे कळवले, तेव्हा ‘एका माणसाच्या लबाडीने शास्त्र फसले’ असा सूर निघाला. मला तो सोयीचा वाटतो. लबाडी सिद्ध झाली नसती, तरी सिद्धान्त त्याआधीच पडला होता; चाचण्या मात्र चालूच राहिल्या.

पण मूलपेशी नाहीत म्हणजे हृदय कधीच भरून येत नाही, हेही खरे नाही. अणुचाचण्यांनी हवेत सोडलेला कार्बन-१४ हृदयाच्या पेशींत मोजून स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ साली दाखवले, की पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायुपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. उंदरांवरील प्रयोगांत त्या आधीच्या स्नायुपेशींच्या विभाजनातून आलेल्या दिसल्या. आपल्याकडच्या ओढ्यानाल्यांत सापडणारा झेब्राफिश हृदयाच्या खालच्या कप्प्याचा पाचवा भाग कापला तरी दोन महिन्यांत भरून काढतो, तोही याच वाटेने. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत चिन्मॉय पात्रा यांच्या गटाने सीसीएन२ए हे प्रथिन त्या माशात हे विभाजन वाढवते, असे दाखवले. शोधायचे ते इथे आहे: आपली स्नायुपेशी जन्मानंतर लवकरच विभाजन का थांबवते?

तोवर त्या पोराला उत्तर सरळ आहे. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयासाठी मूलपेशी मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत. कोणी देऊ लागला, तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातील चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागावा. तो मिळाला नाही तर फाइल उचलून घरी यावे.