अर्थाअर्थी

मराठीत चरितार्थ चालतो. कुणाचा शिवणकामावर, कुणाचा दुधाच्या रतिबावर, कुणाचा शिकवण्यांवर. हिंदीत भाकीत किंवा म्हण ‘चरितार्थ होते’, म्हणजे खरी ठरते. संस्कृतात चरितार्थ म्हणजे ज्याचा हेतू तडीला गेला असा, कृतकृत्य. तोच शब्द मराठीत आला आणि रोजच्या भाकरीचे नाव झाला. कुणी याला शब्दाची घसरण म्हणेल. मला मात्र त्यात मराठी माणसाची समज दिसते. जगण्याला अर्थ आहे का, हा प्रश्न फावल्या वेळेसाठी राखून न ठेवता या भाषेने तो थेट चुलीजवळ आणून बसवला.

‘अर्थ’ हा शब्द आपल्याकडे तीन ठिकाणी राबतो. अर्थसंकल्पात तो पैसा असतो, शब्दकोशात आशय असतो. तिसऱ्या ठिकाणी तो इतका झिजला आहे की आपल्या लक्षातही येत नाही. गावातल्या पाणपोईवर संगमरवरी पाटी असते: वर कुणाच्या तरी आईचे किंवा वडिलांचे नाव, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’, त्याखाली मुलांची नावे आणि तिथी. सेवार्थ, दर्शनार्थ, लोकहितार्थ यांतला अर्थ म्हणजे नुसता ‘साठी’. तो एकटा उभा राहू शकत नाही. त्याला आधी कुणीतरी किंवा काहीतरी लागते, मग तो त्याला चिकटतो. व्याकरणातली ही साधी गोष्ट मला अस्तित्ववादाच्या पुष्कळ पानांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकाराने निरुक्त या ग्रंथात ‘अर्थ’ची दोन मुळे सुचवली आहेत. एक ‘ऋ’ हा धातू, म्हणजे जाणे, पोचणे. दुसरे मूळ ‘अरणस्थ’, परक्यापाशी राहणारा. टीकाकार त्याचा खुलासा करतात की धनी परलोकी गेला तरी जे इथेच राहते ते. दुसरी व्युत्पत्ती आज कुणी भाषाशास्त्रज्ञ मानणार नाही, पण पहिली विचार करायला लावते, कारण जाण्याशी असलेले हे नाते एकट्या संस्कृतचे नाही. जर्मनमध्ये अर्थाला ‘झिन’ म्हणतात आणि त्या शब्दाचे जुने गोत प्रवासाशी जुळते. फ्रेंचमधला ‘सांस’ हा शब्द अर्थही सांगतो आणि दिशाही. एकेरी वाहतुकीच्या फ्रेंच नावातही हाच शब्द असतो. सार्त्र आणि काम्यू हे फ्रेंच लेखक जीवनाच्या अर्थाविषयी लिहीत होते तेव्हा त्यांच्या वाचकाला त्यात रस्त्याची दिशाही ऐकू येत होती. मराठी अनुवादात हे हरवते. ‘अर्थ’च्या पोटातले ते ‘जाणे’ आपणही विसरून गेलो आहोत.

यास्क ही मुळे सांगतो त्याच्या लगेच आधी त्याने एक जुने वचन घेतले आहे. वेद पाठ केला पण अर्थ जाणला नाही, असा माणूस ओझे वाहणारा नुसता खुंट, असा त्याचा रोख. हे वाचताना मला सिसिफस आठवल्याखेरीज राहत नाही. कोरिंथचा राजा, मृत्यूला फसवणारा. शिक्षा म्हणून डोंगरावर धोंडा चढवायचा, माथ्यावर पोचला की तो खाली गडगडणार, पुन्हा उतरायचे, पुन्हा ढकलायचा. 1942 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, आल्बेर काम्यूचा सिसिफसवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात काम्यूची नजर चढणीपेक्षा उतरणीवर जास्त खिळते. खांद्यावर ओझे नाही, हात मोकळे आहेत, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे पुरते ठाऊक आहे. काम्यूला त्या घटकेत सिसिफस आपल्या नशिबाहून मोठा दिसतो. यास्काचा खुंट आणि काम्यूचा सिसिफस दोघेही भारवाही, पण खुंटाला आपण खुंट आहोत हे माहीत नसते.

काम्यूच्या या निबंधाचा कणा असलेला शब्द ‘ॲब्सर्ड’. त्याची कुळकथा कानाची आहे. लॅटिनमध्ये ‘सुर्दुस’ म्हणजे बहिरा, आणि ‘आब्सुर्दुस’ म्हणजे बेसूर, कानाला खटकणारा. सिसेरोच्या लेखनातही तो बेसूर आवाजासाठी येतो. ‘तर्काला सोडून’ हा अर्थ या बेसूरपणातूनच निघाला. याच ‘सुर्दुस’ची आणखी एक शाखा शाळेत आपल्याला भेटते. गणितात आपण जिला करणी म्हणतो, दोनचे वर्गमूळ वगैरे, तिला इंग्रजीत ‘सर्ड’ म्हणतात. ग्रीक गणितज्ञ अशा संख्येला ‘आलोगोस’ म्हणत: जिला लोगोस नाही, म्हणजे तर्क नाही, किंवा वाचा नाही. अरबी पंडितांनी त्याचा अनुवाद ‘बहिरी’ असा केला, बाराव्या शतकातल्या लॅटिन अनुवादकांनी अरबीवरून ‘सुर्दुस’ घेतला. तर्क नसणे, वाचा नसणे आणि ऐकू न येणे या तीन गोष्टी तीन भाषांतून फिरत एका जागी आल्या.

आणि मग काम्यूचे घर आठवते. त्याचा जन्म 1913 सालचा, अल्जीरियातला. वडील 1914 मध्ये मार्नच्या लढाईत जखमी होऊन गेले. अल्जिअर्सच्या बेलकूर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आई लोकांच्या घरची साफसफाई करून घर चालवत होती. तिला नीट ऐकू येत नसे, बोलणेही मोजके, आणि लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने पुस्तके लिहिली, 1957 मध्ये नोबेल मिळवले. त्या पुस्तकांतले अक्षरही ती वाचू शकली नाही. 1960 च्या जानेवारीत मोटार अपघातात तो गेला तेव्हा सोबतच्या सामानात एका अपुऱ्या कादंबरीचे हस्तलिखित होते, आणि ती त्याने जिला ती कधीच वाचता येणार नाही त्या आईलाच अर्पण केली होती. ‘ॲब्सर्ड’च्या पोटात ‘बहिरा’ दडला आहे याचा काम्यूच्या तत्त्वज्ञानाशी संबंध जोडणे बळजबरीचे होईल. तरी माणूस हाक मारतो आणि जग उत्तर देत नाही, या त्याच्या मूळ चित्राकडे मी हे घर बाजूला ठेवून पाहू शकत नाही. त्या घरातले मौन निर्दय नव्हते. जगाच्या मौनावर चिडूनही काम्यूने जगाचा तिरस्कार केला नाही, त्याची मुळे मला त्या आईजवळ दिसतात.

मराठीत ‘ॲब्सर्ड’ला कुणी असंगत म्हणतात, कुणी विसंगत, नाटकवाले बहुधा ॲब्सर्डच म्हणतात. विसंगत हा शब्द मला अतिशय नेमका वाटतो. संगत म्हणजे बरोबर जाणे. तबल्याची गाण्याला संगत असते ती हीच. काम्यू बजावून सांगतो की ॲब्सर्ड एकट्या माणसात नाही आणि एकट्या जगातही नाही, तो दोघांच्या समोरासमोर येण्यात आहे. गवई चांगला, तबलजीही चांगला, पण ठेका एका तालाचा आणि बंदिश दुसऱ्या तालाची. आपण अशा जोडीला म्हणतो: यांचा अर्थाअर्थी संबंध नाही.

‘अस्तित्व’ची गोष्ट थोडक्यात. ‘अस्ति’, म्हणजे ‘आहे’, या क्रियापदालाच ‘त्व’ लावून केलेले हे नाम, नुसते ‘आहेपण’. याच ‘अस्ति’वरून आस्तिक आणि नास्तिक. पाणिनीने एकाच सूत्रात तीन प्रकारची माणसे बसवली आहेत: ‘आहे’ म्हणणारा आस्तिक, ‘नाही’ म्हणणारा नास्तिक आणि ‘दिष्ट’, म्हणजे दैव, मानणारा दैष्टिक. तिसरा शब्द आपण विसरलो. सार्त्रने 29 ऑक्टोबर 1945 रोजी पॅरिसमध्ये गाजलेले भाषण केले तेव्हा त्याने अस्तित्ववाद्यांचे दोन गट सांगितले, ईश्वर मानणारे आणि न मानणारे. आस्तिक चालेल, नास्तिक चालेल. दैष्टिकाला मात्र त्या घरात जागा नाही, कारण माणूस आधी असतो आणि काय व्हायचे ते नंतर स्वतः ठरवतो, यावरच सार्त्रची सगळी इमारत उभी आहे.

पुन्हा ‘अर्थ’कडे. नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी 1963 मध्ये आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या तोंडी ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ जागोजागी येतात. ‘उदाहरणार्थ’मधला अर्थ इथे निव्वळ सवय होऊन बसला आहे, आणि ‘वगैरे’ हा अरबी ‘व’ अधिक ‘गैर’: आणि इतर, आणि परके. नेमाड्यांनी व्युत्पत्ती डोळ्यासमोर ठेवून हे केले असेल असे नाही, पण त्या पिढीची परकेपणाची भावना पकडायला त्यांच्या कानाने नेमके हेच दोन शब्द उचलले.

काम्यूचा सिसिफस एकटा आहे, आणि मला त्याची हीच अडचण वाटते. 1947 मधल्या ‘प्लेग’ या कादंबरीत काम्यू एकटेपणातून बाहेर आला. ओरान शहरात साथ आली आहे, वेशी बंद आहेत. पानलू हा धर्मगुरू पहिल्या प्रवचनात सांगतो की ही पापाची शिक्षा आहे. डॉक्टर रियू गाठी फोडत, रोगी वेगळे करत राहतो. नगरपालिकेतला कारकून ग्रां संध्याकाळी स्वयंसेवी पथकांचे हिशेब ठेवतो. ठरलेली बढती त्याला वर्षानुवर्षे मिळालेली नाही, कारण अर्जात लिहायला योग्य शब्द सापडत नाहीत. निवेदक म्हणतो, नायक हवाच असेल तर हा घ्या. त्याचा चरितार्थ तुटपुंजा आहे, पण कामाला लागताना त्याला कुठलाही शब्द शोधावा लागत नाही.

इथे ‘अर्थ’च्या कुटुंबातला एक शब्द आठवतो, ‘सार्थ’. सार्थ ज्ञानेश्वरी म्हणजे अर्थासहित ज्ञानेश्वरी. संस्कृतात मात्र सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, समान अर्थ असलेले, एका दिशेने एकत्र निघालेले लोक. महाभारताच्या वनपर्वात नळाने टाकलेली दमयंती रानात भटकत असताना तिला असाच एक सार्थ भेटतो, चेदी देशाला निघालेला. रात्री तळ्याकाठी मुक्काम पडतो आणि तांड्यातले हत्ती पाहून रानहत्तींचा कळप चालून येतो. झोपेतली माणसे तुडवली जातात. सकाळी वाचलेले लोक विचारू लागतात: मणिभद्र यक्षाची पूजा राहिली का, ग्रह वाकडे होते का, अपशकुन झाला होता का? हे दैष्टिकांचे प्रश्न. दमयंतीही त्यात सापडते, आपल्याच कुठल्या कर्माचे हे फळ असे म्हणून रडते. हत्तींना यातले काही ठाऊक नाही.

प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. उरलेले लोक निघतात, दमयंती त्यांच्यातल्या ब्राह्मणांबरोबर चालू लागते, आणि संध्याकाळी चेदीच्या राजाच्या नगराला पोचते.