दाद कोणाकडे मागावी? आयर्लंडांतील एका अपील-मंडळाची कथा

राजानें मारलें आणि पावसानें झोडपलें तर दाद कोणाकडे मागावी, असा प्रश्न आपल्या वाडवडिलांनीं एका म्हणींत विचारून ठेविला आहे. त्या म्हणींत उत्तर नाहीं, निरुपाय आहे. पावसापुढें कोणाचें चालत नाहीं हें खरें. परंतु राजाच्या निकालावर दाद मागण्याची जागा असावी कीं नसावी, आणि असल्यास ती राजाच्याच दरबारांत असावी कीं बाहेर, हा प्रश्न मनुष्याच्या हातचा आहे. नगररचनेच्या बाबतींत, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय उभें राहावें आणि काय राहूं नये हें ठरविण्याच्या कामांत, आयर्लंडनें या प्रश्नाचें दिलेलें उत्तर आम्हांस विशेष मननीय वाटतें; कारण तें उत्तर त्या देशास एकदम सुचलेलें नसून ठेचा खात खात सांपडलेलें आहे.

आयर्लंडचें नांव महाराष्ट्रीय वाचकांस परकें नाहीं. होमरूल हा शब्दच आपल्याकडे तेथून आला. जमिनीच्या दुःखाच्या बाबतींत तर दोन्ही देशांचीं वर्षेंही जुळतात. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि १८७९ मध्यें दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. त्याच १८७९ सालीं मायकेल डॅव्हिट व पार्नेल यांनीं आयर्लंडांत लँड लीग उभी केली. तिच्या चळवळीचें फळ म्हणून १८८१ च्या कायद्यानें तेथें लँड कमिशन नेमलें गेलें. जमीनदार सांगेल तो खंड कुळानें द्यावा ही रीत मोडली, आणि वाजवी खंड कोणता हें या कमिशननें दोन्ही पक्षांचें ऐकून ठरवावें असें झालें. ज्याचें हित गुंतलें आहे त्यानें निवाडा करूं नये, हें तत्त्व आयरिश शेतकऱ्यास अशा रीतीनें पोटाच्या प्रश्नांतून कळलें.

स्वतंत्र आयर्लंडचे राज्यकर्ते बहुतांशीं याच शेतकऱ्यांच्या घरचे होते. तथापि नगररचनेचा कायदा करितांना त्यांस हें तत्त्व आठवलें नाहीं. १९३४ सालचा पहिला कायदा ऐच्छिक स्वरूपाचा असल्यामुळें फारसा अंमलांत आलाच नाहीं. खरा आरंभ १९६३ च्या कायद्यानें झाला. हा कायदा १ ऑक्टोबर १९६४ पासून लागू झाला. प्रत्येक नगरपालिकेनें व परगणा-मंडळानें आपल्या हद्दीचा विकास आराखडा तयार करावा, दर पांच वर्षांनीं तो तपासून पाहावा, आणि कोणासही नवें बांधकाम करावयाचें असल्यास त्यानें या स्थानिक संस्थेची परवानगी घ्यावी, अशी त्याची मांडणी होती. या संस्थेचा निकाल मान्य नसेल तर अपील करण्याची सोय होती. आणि ती सोय एका बाबतींत फार उदार होती. परवानगी न मिळालेला अर्जदार तर अपील करूं शकेच. पण परवानगी दिली गेल्यामुळें ज्याच्या अंगणांतलें ऊन जाणार आहे असा शेजारी, किंबहुना कोणीही नागरिक, त्याविरुद्ध अपील करूं शके. इंग्लंडमध्यें शेजाऱ्यास हा हक्क तेव्हांही नव्हता व आजही नाहीं.

परंतु हें अपील ऐकावयाचें कोणी? कायद्यानें सांगितलें, स्थानिक कारभाराच्या मंत्र्यानें. दरवाजा सर्वांस उघडा होता. आंत गेल्यावर न्यायासनावर मात्र एका राजकीय पक्षाचा पुढारी बसलेला असे.

यांत काय वावगें आहे, असें कोणी विचारील. मंत्री लोकांनीं निवडलेला असतो; तो विधिमंडळास जबाबदार असतो; रस्ते, घरें, रोजगार यांविषयींचें सरकारचें धोरण त्याच्याच हातीं असतें. मग एखाद्या इमारतीचा प्रश्न त्यानें सोडविला तर बिघडलें कोठें? हा युक्तिवाद पोकळ नाहीं, व आयर्लंडांत तो प्रामाणिकपणें मांडणारे लोक होते. परंतु धोरण ठरविणें ही एक गोष्ट आणि अमक्याची जमीन व तमक्याचें घर यांचा निवाडा करणें ही दुसरी. धोरण सर्वांस सारखें लागू होतें. निवाडा एकाच्या पदरांत पडतो. ज्यास निवडणुकीचा खर्च भागवावयाचा आहे, त्याच्या हातीं असा निवाडा दिला म्हणजे तो कितीही सचोटीचा असला तरी लोकांचा संशय फिटत नाहीं. आणि कारभार बंद दाराआड चालला तर संशयाचें निराकरण करण्यास पुरावाही उरत नाहीं.

डब्लिन शहरांत हा संशय लवकरच दगडाविटांच्या रूपानें दिसूं लागला. फिट्झविल्यम स्ट्रीट या रस्त्यावर अठराव्या शतकांतील घरांची एक लांबच लांब, अखंड ओळ होती. सरकारी वीज-मंडळास त्या जागीं आपली कचेरी बांधावयाची होती. १९६४ मध्यें मंत्र्यांची परवानगी मिळाली आणि १९६५ मध्यें त्या ओळींतील सोळा घरें जमीनदोस्त झालीं. पुढें ह्यूम स्ट्रीटवर तसाच प्रसंग आला, तेव्हां डिसेंबर १९६९ पासून विद्यार्थी त्या घरांत ठाण मांडून बसले, ते जून १९७० पर्यंत हलले नाहींत. त्या वेळचे मंत्री केव्हिन बोलंड यांनीं विधिमंडळांत या मंडळींची सरदार-उमरावांचे वारस म्हणून हेटाळणी केली. त्या हेटाळणीमागें एक इतिहास होता हेंही सांगितलें पाहिजे. हीं सुंदर घरें ज्या जमीनदार वर्गानें बांधलीं, त्याच वर्गानें आयरिश कुळांस नागविलें होतें. त्यामुळें त्यांच्याविषयीं ममत्व न वाटणारे पुष्कळ देशभक्त होते. मंत्र्याचें मत बरोबर कीं विद्यार्थ्यांचें, हा येथें मुद्दा नाहीं. ज्यानें न्यायासनावर बसावयाचें, तोच विधिमंडळांत उभा राहून एका पक्षाची टर उडवितो, हें मात्र सर्वांनीं पाहिलें.

अखेर १९७६ सालीं जेम्स टली या मंत्र्यानें आपल्याच खात्याचा हा अधिकार काढून घेणारा कायदा संमत करून घेतला. हातीं असलेली सत्ता आपण होऊन सोडणारे मंत्री कोणत्याही देशांत विरळाच. म्हणून हें नांव लक्षांत ठेवण्याजोगें आहे. या कायद्यानें १९७७ सालीं ‘अन् बोर्ड प्लॅनाला’, म्हणजे नियोजन मंडळ, अस्तित्वांत आलें. त्याच्या अध्यक्षस्थानीं हायकोर्टाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असावा असें ठरलें. मंत्र्यानें सर्वसाधारण धोरण कळवावें व मंडळानें तें लक्षांत घ्यावें. परंतु अमुक प्रकरणीं अमुक निकाल द्या, असें मंत्र्यानें सांगावयाचें नाहीं, अशी रेषा आंखली गेली.

मंडळाची कार्यपद्धति थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. स्थानिक संस्थेचा निकाल लागल्यापासून चार आठवड्यांच्या आंत अपील करावें लागतें. अपील आलें कीं मंडळाचा निरीक्षक जागेवर जाऊन पाहणी करितो, दोन्ही बाजूंचे कागद वाचतो, आणि आपला लेखी अहवाल व शिफारस मंडळापुढें ठेवितो. मंडळ खालच्या निकालांतील चुका तेवढ्या शोधीत बसत नाहीं; अर्ज जणूं आपल्याकडेच प्रथम आला आहे असें समजून सर्व प्रश्नाचा नव्यानें विचार करितें. निरीक्षकाची शिफारस मानण्याचें बंधन त्यावर नाहीं. पण ती न मानल्यास कां मानली नाहीं हें लिहून द्यावें लागतें. आज हा अहवाल व ही कारणें कोणासही वाचावयास मिळतात. हरलेल्या माणसास आपण कां हरलों हें कळणें, हा निम्मा न्याय होय.

परंतु येथेंच कथा संपत नाहीं. १९७६ च्या कायद्यानें निकालाचा अधिकार मंत्र्याकडून काढला. सभासद नेमण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडेच ठेविला. पुढच्या दरवाजानें गेलेली सत्ता मागच्या दरवाजानें परत आली. सत्तेवरून पायउतार होण्याच्या सुमारास मंत्री आपल्या मर्जीतील माणसें मंडळावर बसवितात, असा आरोप होऊं लागला. तेव्हां डिक स्प्रिंग मंत्री असतांना १९८३ चा कायदा करण्यांत आला. अध्यक्ष निवडण्यासाठीं हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्याची तरतूद झाली. इतर सभासद व्यावसायिक, वारसारक्षक, कामगार वगैरे संघटनांनीं सुचविलेल्या नांवांतून घ्यावे असें ठरलें. मंडळाच्या सभासदांवर गैरवाजवी वजन आणण्याचा प्रयत्न करणें हा गुन्हा मानला गेला.

या बंदोबस्ताचा उपयोग किती झाला, हें पुढील काळांतील एका गोष्टीवरून दिसतें. १९९७ मध्यें डब्लिनच्या परिसरांतील जमिनींच्या व्यवहारांची चौकशी करण्यासाठीं एक न्यायाधीश-चौकशी नेमली गेली. ती पंधरा वर्षें चालून तिचा शेवटचा अहवाल २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. बिल्डरांचा पैसा राजकारणांत किती खोल मुरला होता हें तिनें उघड केलें. परंतु हा पैसा मुख्यतः कोठें गेला? शेतजमीन घरबांधणीच्या विभागांत घालण्यासाठीं ज्यांचीं मतें लागत, त्या नगरसेवकांकडे. शेताचा एक तुकडा आराखड्यावर नुसता रंग बदलला कीं सोन्याच्या भावानें विकला जाई. आणि आराखड्यांतील या बदलावर नियोजन मंडळाकडे अपील नव्हतें. जेथें निकालावर दुसऱ्याची नजर पडण्याची भीति नव्हती, तेथें लांच रुजली. अपील-मंडळाचा खरा उपयोग त्यानें दिलेल्या निकालांइतकाच, त्याच्या धाकानें खालीं जे अन्याय होत नाहींत त्यांत असतो, ही गोष्ट यावरून ध्यानांत यावी.

तथापि कोणतीही संस्था एकदां चांगली घडविली म्हणजे कायमची चांगली राहते असें नाहीं. २०२२ सालीं खुद्द मंडळावरच संकट आलें. वर्तमानपत्री शोधांतून प्रश्न उपस्थित झाल्यावर त्याच्या उपाध्यक्षानें राजीनामा दिला, आणि आपले हितसंबंध पूर्णपणें जाहीर न केल्याचा गुन्हा त्यानें २०२३ मध्यें न्यायालयांत कबूल केला. पंचेचाळीस वर्षांची प्रतिष्ठा कांहीं महिन्यांत डळमळली. मंडळ मोडून अधिकार पुन्हा मंत्र्याकडे द्यावा, असा मोह अशा वेळीं सहज होतो. आयर्लंडनें तसें केलें नाहीं. २०२४ च्या नव्या कायद्यानें संस्थेची फेररचना झाली, आणि जून २०२५ पासून तिच्या जागीं ‘अन् कोमिश्यून प्लॅनाला’, म्हणजे नियोजन आयोग, काम करूं लागला. निकाल देणारे आयुक्त एकीकडे व कारभार पाहणारे मंडळ दुसरीकडे, अशी वांटणी त्यांत केली आहे.

आतां आपल्या घरीं वळूं. अपिलाच्या मंडळाची कल्पना मुंबईस नवी नाहीं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला, तेव्हांच एक अध्यक्ष व दोन असेसर यांचें न्यायमंडळ निर्माण करण्यांत आलें. पण त्याच्यापुढें येणारा मुख्य प्रश्न होता तो ट्रस्टनें घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यांतही असें अपील-न्यायमंडळ आहे, पण तें नगररचना योजनांतील वांटणीच्या व रकमांच्या वादांपुरतें. बांधकामाची परवानगी नाकारली गेली किंवा अटींवर मिळाली, तर सत्तेचाळिसाव्या कलमाप्रमाणें चाळीस दिवसांत अपील करावयाचें तें राज्य सरकारकडे किंवा सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आणि तेंही अर्जदारानें. परवानगी दिली गेल्यामुळें ज्याची विहीर आटणार, ज्याच्या घरांतला उजेड जाणार, त्या शेजाऱ्यास हें कलम ओळखतच नाहीं. त्यानें वकील गांठून कोर्टाची पायरी चढावी. आणि बहुधा तोंवर इमारतीचे चार मजले चढलेले असतात.

जमिनीची किंमत काय, हा वाद त्रयस्थानें सोडवावा हें आपणांस सव्वाशें वर्षांपूर्वीं पटलें. जमिनीचा उपयोग काय, हा वादही त्रयस्थानेंच सोडवावा, हें अद्याप पटावयाचें आहे. आयर्लंडचें उदाहरण सुबत्तेच्या देशाचें म्हणून बाजूला सारण्याजोगें नाहीं. टली यांनीं तें मंडळ उभें केलें तेव्हां तो देश पश्चिम युरोपांतील गरीब देशांत गणला जात होता. लागला तो पैसा थोडाच. एका मंत्र्यानें आपल्या टेबलावरच्या फायली उचलून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवावयाच्या, आणि त्या दुसऱ्यानें प्रत्येक निकालाखालीं आपलीं कारणें सर्वांस वाचतां येतील अशीं लिहावयाचीं, एवढेंच काम होतें. तें होण्यास स्वतंत्र आयर्लंडास पंचावन्न वर्षें लागलीं.