टॅक्सीतला वायरलेस हौशी पट्ट्यात कसा आला?

चामराजपेटमधील माझ्या खोलीत एक जुना वायरलेस सेट आहे. तो टॅक्सी, कारखाने अशा व्यावसायिक वापरासाठी घडवलेला, 150 ते 174 मेगाहर्ट्झमध्ये चालणारा. भारतातील हौशी रेडिओला मात्र 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा पट्टा नेमून दिलेला आहे. एका पट्ट्यातले यंत्र दुसऱ्यात नेण्याची ही रीत आली कोठून?

हौशी रेडिओचा इतिहास हा बऱ्याच अंशी इतरांनी टाकून दिलेल्या यंत्रांचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील हौशी परवाने रद्द झाले. युद्ध संपल्यावर लष्कराचे शिलकी सेट अनेक देशांत स्वस्तात विकले गेले आणि हौशी मंडळींनी ते आपल्या पट्ट्यांवर आणले.

दुसरी लाट नियमामुळे आली. अमेरिकेत टॅक्सी, पोलीस, अग्निशमन यांना वाहिन्या अपुऱ्या पडू लागल्या. एकाच पट्ट्यात अधिक वाहिन्या बसाव्यात म्हणून तेथील नियामकाने एफएम संदेशाचे कमाल विचलन 15 किलोहर्ट्झवरून 5 किलोहर्ट्झवर आणले. 1960 च्या दशकात असंख्य जुने सेट सेवेतून बाद झाले. ते बिघडलेले नव्हते. नियम बदलला होता. हौशी मंडळींनी ते उचलले आणि दोन मीटर पट्ट्यावर एफएमचे व रिपीटरचे युग सुरू झाले.

बदल करायचा म्हणजे नेमके काय? त्या काळच्या सेटमध्ये वारंवारता स्फटिक ठरवीत असे. प्रक्षेपकात ती बारापट होत असेल, तर 145 मेगाहर्ट्झसाठी 12.083 मेगाहर्ट्झचा स्फटिक हवा. पण एवढ्याने भागत नाही. सुसंवादी मंडलाची वारंवारता प्रेरकत्व आणि धारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे 155 वरून 145 वर यायचे, तर तो गुणाकार सुमारे 14 टक्क्यांनी वाढवावा लागतो. पाठ्यपुस्तकातले सूत्र येथे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाशी येते.

याच पट्ट्याशी बंगळूरचे एक मोठे नाते आहे. येथे घडलेला, 42.5 किलो वजनाचा हॅमसॅट हा उपग्रह 5 मे 2005 रोजी पीएसएलव्ही-सी6 मधून अवकाशात गेला. तो 435 मेगाहर्ट्झच्या आसपासचे संदेश घेऊन 145.9 च्या आसपास परत पाठवीत असे. जुलै 2014 पर्यंत त्याने जगभरच्या हौशी केंद्रांची सेवा केली. मात्र माझ्यासारख्या सेटवर त्यावरचे संभाषण उमगले नसते: सेट एफएमचा, उपग्रहावरील बोलणे मुख्यतः एकपार्श्वपट्ट पद्धतीचे. वारंवारता जुळणे म्हणजे भाषा जुळणे नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट विसरू नका. परीक्षा देऊन परवाना मिळविल्याखेरीज प्रक्षेपणाची कळ दाबायची नाही. चुकीच्या वारंवारतेवर गेलेला संदेश एखाद्या रुग्णवाहिकेचा संपर्क तोडू शकतो.

आजच्या सेटमध्ये वारंवारता संगणकावरून भरता येते. स्फटिक बदलावा लागत नाही. सोय वाढली, पण यंत्राच्या पोटात काय घडते हे न कळताही काम होऊ लागले. म्हणून एखादा बाद झालेला सेट मोडीत देण्यापूर्वी उघडून पाहा. त्यातील प्रत्येक गुंडाळी कोणत्या वारंवारतेसाठी आहे हे शोधता आले, तर प्रयोगशाळेतला एक पूर्ण धडा पदरात पडेल.