हातमोज्यांचे गाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी मुलगी न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनी शहरात राहते. तिच्याकडे आम्ही दोघे ऐन डिसेंबरात गेलो होतो. तिथली थंडी आपल्या सोलापूरकडच्या माणसाला काय झेपणार! दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन सौभाग्यवतींसाठी चामड्याचे हातमोजे घ्यावे लागले. ते पाहून मुलगी म्हणाली, ''बाबा, या हातमोज्यांचंच एक गाव इथून तासाभरावर आहे. तुम्हाला इतिहासाचं वेड आहे, तर चला.'' गावाचे नाव ग्लोव्हर्सव्हिल, म्हणजे हातमोजेवाल्यांची वाडी! आपल्याकडे तांबट आळी असते, कुंभारवाडा असतो, पण एका अख्ख्या शहराने धंद्याचे नाव लावलेले मी प्रथमच पाहत होतो.

या गावाचे जुने नाव याहून गमतीचे होते. त्याला 'स्टम्प सिटी', बुडख्यांचे गाव म्हणत. झाडे तोडून उरलेले बुडखे जिकडेतिकडे दिसत, म्हणून हे नाव पडले. १८२८ मध्ये तिथे टपाल कचेरी आली, तेव्हा ग्लोव्हर्सव्हिल हे नाव रूढ झाले. पण या गावाच्या भाग्यात झाडांचा वाटा आणखी एका कारणाने मोठा आहे. भोवतालच्या डोंगरांत हेमलॉकची दाट जंगले होती. (सॉक्रेटिसाने प्यायलेले विष ते हे नव्हे. ती एक लहान वनस्पती, हा सूचिपर्णी जातीचा उंच वृक्ष.) आपल्याकडे कातडी कमावायला बाभळीची साल, तरवड, हिरडा वापरत, तशी तिकडे हेमलॉकची साल वापरत. रानात हरणे होती, ओढ्याला वाहते पाणी होते आणि साल तर फुकटच म्हणायची. शेजारच्या जॉन्सटाउनच्या परिसरात अठराव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या वसाहतवाल्यांमध्ये हातमोजे शिवणारे होते, असे सांगतात. कनेक्टिकटकडचे फेरीवाले पत्र्याची भांडी देऊन बदल्यात हरणाची कातडी घेत, असेही सांगतात. एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहिला.

पुढे हरणे संपली, सालही संपत आली. मग मेंढ्या-बकऱ्यांची कातडी परदेशांतून येऊ लागली आणि कमावण्यासाठी क्रोमियमचे क्षार आले. म्हणजे ज्या कारणांनी धंदा इथे आला, ती कारणे उरली नाहीत, तरी धंदा राहिला. का राहिला? कारण तोपर्यंत तो माणसांच्या हातांत उतरला होता.

हे जरा सविस्तर सांगायला हवे. हातमोजा म्हणजे दोन तुकडे जोडून केलेली पिशवी नव्हे. पंज्याचा एक तुकडा, अंगठ्याचा वेगळा आणि बोटांच्या मध्ये बसणाऱ्या बारीक पट्ट्या असतात. कापणारा कारागीर कातडे ओलसर करून टेबलाच्या कडेवर ओढे. ते किती ताणेल आणि कुठे थांबेल, हे त्याला बोटांनी कळे. हातमोजा रुंदीत ताणला पाहिजे, लांबीत ताणता कामा नये. नाही तर दोन दिवसांत बोटे लांब होऊन लोंबू लागतात. प्रत्येक कातडे निराळे, म्हणून हे काम यंत्राला सहजी जमेना. असे कारागीर इंग्लंड, फ्रान्स, इटलीतून या गावात आले. त्यांना मान होता, चांगल्या पोशाखात ते कामावर जात.

आणि शिवणकाम कोण करी? ते बायका करत. काही कारखान्यात जात, पण पुष्कळजणी घरी बसूनच शिवत. कापलेल्या तुकड्यांची गाठोडी घरी येत, शिवलेले डझन परत जात, पैसे डझनावर. स्वयंपाकघराच्या खिडकीशी शिलाईचे यंत्र नाही, असे घर कमीच. लेकीसुना पोरवयातच आईच्या शेजारी बसून शिकत. आपल्याकडच्या विडी वळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातले सुख आणि दुःख दोन्ही सांगायला नको.

१८९० ते १९५० या काळात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दहा हातमोज्यांपैकी नऊ याच परिसरात होत, असे म्हटले जाते. पैसा आला तशा मुख्य रस्त्यावर दगडी इमारती उठल्या, रेल्वे आली, नाट्यगृह झाले आणि त्याचेही नाव 'ग्लव्ह थिएटर'! वॉर्सातून आलेला एक निर्धन पोरगा इथे हातमोज्यांच्या कारखान्यात लागला आणि पुढे त्यांचा तरबेज विक्रेता झाला. हाच हॉलिवूडचा सॅम्युएल गोल्डविन. लुशियस लिटावर हे इथलेच कारखानदार, पुढे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले. त्यांनी गावाला वडिलांच्या नावाचे रुग्णालय दिले आणि हार्वर्डला १९३०च्या दशकात वीस लाख डॉलर दिले. त्यातून लोकप्रशासनाची जी संस्था निघाली, तिलाच आज केनेडी स्कूल म्हणतात. तिथे शिकून आलेल्या आपल्या सनदी अधिकाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे!

पण सगळेच गोडगोड नव्हते. १९१४ मध्ये कापणाऱ्यांनी मजुरीसाठी संप केला, तो काही महिने चालला. आणि त्या ओढ्याचे काय झाले? केयाडटा त्याचे नाव. कारखान्यात ज्या रंगाचे कातडे रंगवले जाई, त्या रंगाचे पाणी त्यातून वाहे. नामवंत कादंबरीकार रिचर्ड रुसो या गावचे, त्यांचे आजोबा हातमोजे कापणारे. 'एल्सव्हेअर' या २०१२च्या आत्मकथनात रुसोंनी आपल्या घराबरोबर या गावाचीही कहाणी सांगितली आहे. घरी कोणी आजारी पडले तर दोष कुणाला द्यायचा? ज्या कारखान्याने विष दिले, त्यानेच भाकरीही दिली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर उतार लागला. परदेशी स्वस्त माल आला, कारखानदारांनी काम फिलिपिन्ससारख्या देशांत नेले आणि बायकांनी बाहेर पडताना हातमोजे घालण्याची रीतही गेली. १९५० मध्ये गावाची वस्ती २३ हजारांवर होती, २०२० मध्ये १५ हजारांच्या आसपास उरली. मी गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावात वाढलो. भोंगा थांबल्यावर रस्ते कसे दिसतात ते मला माहीत आहे. तिथल्या मुख्य रस्त्यावरून चालताना मी मुलीशी फारसे बोललो नाही.

एक गोष्ट मात्र मला विलक्षण वाटली. कातडी कमावणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी ग्लोव्हर्सव्हिल आणि जॉन्सटाउनने १९७०च्या दशकात मिळून मोठे शुद्धीकरण केंद्र बांधले. ते चालू झाले आणि कारखानेच बंद पडत गेले. केंद्राची ताकद रिकामी पडली. पुढे २००८ मध्ये दही करणाऱ्या एका ग्रीक कंपनीने जॉन्सटाउनमध्ये कारखाना काढला. चक्का बांधला की पाणी सुटते, हे आपल्याला श्रीखंडामुळे ठाऊक आहेच. तसे टँकरच्या टँकर पाणी त्या कारखान्यातून निघते. ते याच केंद्रात येते, त्यातून वायू तयार होतो आणि त्या वायूवर केंद्राला लागणारी बरीचशी वीज होते.

परतताना आम्ही गावातल्या जुन्या कार्नेगी ग्रंथालयात शिरलो. १९०४ साली उघडलेली देखणी इमारत आहे. तिथे वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका आजीबाई सौभाग्यवतींच्या हाताकडे सारख्या पाहत होत्या. शेवटी त्यांनी तो नवा हातमोजा मागून घेतला, उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला, बोट लांबीत ओढून पाहिले. त्या म्हणाल्या, शिवण ठीक आहे, पण कापणाऱ्याने कातडे आडवे धरले आहे. हे पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकायचे नाहीत.

फेब्रुवारीत आम्ही सोलापूरला परतलो, तेव्हा त्या हातमोज्यांची बोटे अर्धा इंच लांब झाली होती.