हसवणाऱ्या मालिकेतला मृत्यू : ‘मॅश’, १९७५ आणि कोरियातले जनरल थोरात

१/
१८ मार्च १९७५. अमेरिकेतील लाखो कुटुंबे त्या रात्री ‘मॅश’ ही विनोदी मालिका पाहत होती. तिसऱ्या पर्वाचा तो शेवटचा भाग. लेफ्टनंट कर्नल हेन्री ब्लेक हा वेंधळा, पण मनाचा निर्मळ अधिकारी युद्धभूमीवरून घरी निघाला होता. हसतखेळत निरोप झाला. त्यानंतर अवघ्या एका मिनिटात जे घडले, त्याने प्रेक्षक दुभंगले. हा थ्रेड त्या दुभंगलेल्या प्रेक्षकांविषयी आहे आणि त्याच कोरियात गेलेल्या आपल्या माणसांविषयीही.

२/
प्रथम पार्श्वभूमी. ‘मॅश’ म्हणजे मोबाईल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल. आघाडीच्या थोडे मागे, तंबूंत उभारलेले फिरते शस्त्रक्रिया रुग्णालय. मालिका सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झाली. कथा १९५०–५३ च्या कोरियन युद्धाची. पाहणाऱ्यांच्या मनात मात्र व्हिएतनाम होते. प्रत्यक्ष युद्ध ३७ महिने चालले, मालिका ११ पर्वे चालली.

३/
त्या काळी विनोदी मालिकांना ध्वनिमुद्रित हशा जोडला जात असे. वाहिनीचा तो आग्रहच होता. निर्मात्यांनी एक सवलत मात्र मिळवली : शस्त्रक्रियेच्या दालनातील प्रसंगांत हशा वाजणार नाही. त्यामुळे मालिका नियमित पाहणाऱ्याच्या कानाला एक सवय जडली. तंबूबाहेर हसायचे, शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी गप्प व्हायचे. पुढील प्रसंग समजण्यासाठी ही सवय ध्यानात ठेवावी लागते.

४/
हेन्रीची भूमिका करणारे मॅक्लीन स्टीव्हन्सन मालिका सोडणार होते. पात्राला घरी पाठवणे ही रूढ वाट होती. लॅरी गेल्बार्ट व जीन रेनॉल्ड्स यांनी ती नाकारली. संहितेचे शेवटचे पान त्यांनी बहुतेक कलावंतांपासून दडवून ठेवले आणि ऐन चित्रीकरणाच्या वेळी हाती दिले. दिग्दर्शन स्वतः गेल्बार्ट यांचेच होते.

५/
तो प्रसंग असा : शस्त्रक्रिया चालू आहेत. कारकून रडार तोंडाला मास्क न लावताच आत येतो. हेन्रीचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणीही वाचले नाही, एवढाच संदेश तो वाचतो. कोणी किंचाळत नाही. एक उपकरण खाली पडल्याचा आवाज येतो. डॉक्टरांचे हात थांबत नाहीत, कारण टेबलावर जखमी माणूस आहे. हशा अर्थातच नाही.

६/
पत्रांचा ओघ सुरू झाला. रागावलेल्यांचे म्हणणे साधारण असे होते : दिवसभराचा शीण घालवण्यासाठी आम्ही हा कार्यक्रम लावतो, घरातील मुले तो पाहतात, ज्याच्यावर जीव जडला त्याला असे मारणे हा विश्वासघात आहे. अभिनेता मालिका सोडतो म्हणून त्याला ही शिक्षा दिली, असा संशयही काहींनी घेतला.

७/
दुसऱ्या बाजूचे म्हणणे नेमके उलट. युद्धाच्या कथेत फक्त अनोळखी जखमीच मरत असतील, तर ती कथा खोटी ठरते. गेल्बार्ट आणि रेनॉल्ड्स यांची भूमिकाही हीच होती. त्यांनी अनेक पत्रांना हाताने उत्तरे लिहिली. कोरियन युद्धात सुमारे ३६ हजार अमेरिकन सैनिक मरण पावले. त्या आकड्यातील एका माणसाला प्रेक्षक चेहऱ्याने ओळखत असावेत, एवढेच त्यांना साधायचे होते.

८/
काळही पाहावा. अमेरिकेचे लढाऊ सैन्य १९७३ मध्येच व्हिएतनाममधून परतले होते. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. म्हणजे हा भाग दाखवला गेला, त्याला तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. युद्ध विसरू पाहणाऱ्या समाजाच्या बैठकीच्या खोलीत ही बातमी पोहोचली होती. पत्रांतील रागाचा काही भाग त्या थकव्याचाही असणार.

९/
मराठी प्रेक्षकाला मात्र हसू आणि मृत्यू एकाच मंचावर नवे नाहीत. १९१९ साली रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आठवावे. तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळाने नाट्यगृह हसून लोटपोट होते. तोच तळीराम पुढे मरतो आणि सिंधू-सुधाकरांचा संसारही बुडतो. विनोदाने प्रेक्षकाला आधी जवळ ओढले नसते, तर शोकाने तो इतका हलला नसता.

१०/
आता खऱ्या कोरियाकडे. भारताने तिथे लढाऊ फौज पाठवली नाही, वैद्यकीय पथक पाठवले : ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. हे पथक १९५० च्या अखेरीस कोरियात उतरले. प्योंगयांगहून माघार घेताना वाहने मिळेनात, तेव्हा या मंडळींनी एक जुने रेल्वे इंजिन मिळवले, बादल्यांनी पाणी भरले आणि साहित्यासह गाडी स्वतःच हाकत नदीपार नेली. मालिकेत हा प्रसंग दाखवला असता, तर अतिशयोक्ती वाटली असती.

११/
मार्च १९५१ मध्ये याच पथकातील डॉक्टर व सैनिकांच्या एका तुकडीने मुनसान येथे अमेरिकी छत्रीधारी सैन्याबरोबर उडी घेतली आणि आघाडीवरच शस्त्रक्रिया केल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. ‘मॅश’च्या तंबूंत जे घडताना दिसते, त्याची खरी आवृत्ती भारतीय हातांनीही लिहिली होती.

१२/
२७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांच्या देखरेखीसाठी भारताचे संरक्षक दल गेले. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरच्या मातीतले मराठी सेनानी. दक्षिण कोरियाने आपल्या भूमीवरून जाण्यास मनाई केली, म्हणून भारतीय जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात नेले गेले. त्यांच्या छावणीचे नाव हिंद नगर.

१३/
सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाआड ओढून नेले. गोळीबाराचा आदेश दिला असता तर रक्ताचा सडा पडला असता. थोरात स्वतः आत गेले, संतप्त जमावाशी शांतपणे बोलत राहिले आणि अधिकाऱ्याला सोडवून आणले. पुढे त्यांना अशोक चक्र, द्वितीय वर्ग, म्हणजे आजचे कीर्ती चक्र देण्यात आले.

१४/
सातारा-सांगलीकडच्या वाचकाला हेन्रीची कथा परकी का वाटू नये, हे आता सांगता येते. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागते. पुणे–मिरज लोहमार्गावर सांगलीच्या अलीकडे माधवनगरचे छोटे स्थानक होते. या मार्गावरच्या अशाच स्थानकांवर रजेचे जवान उतरत आले. ‘येतो’ म्हणून गेलेला येतोच असे नाही, हे इथल्या घरांना कोणत्याही मालिकेने शिकवावे लागले नाही.

१५/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी ती पत्रे हे साधन आहे, पण जपून वापरायचे. पत्र लिहितो तो बहुधा फार दुखावलेला किंवा फार भारावलेला असतो. गप्प बसलेल्या लाखोंचे मत त्यात उमटत नाही. तरी एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. हजारोंच्या आकड्याने जे झाले नव्हते, ते एका काल्पनिक माणसाच्या मृत्यूने झाले : लोकांनी कागद घेतला आणि ‘हा का मेला?’ असे विचारले.

१६/
प्रश्न रागाने विचारला गेला, तरी तो योग्यच होता. तो फक्त हेन्री ब्लेकपाशी थांबला, तर मालिका वाया गेली. गावच्या स्मारकावर कोरलेल्या प्रत्येक नावाविषयी तो विचारला गेला, तर त्या भागाचे सार्थक झाले. आपल्या गावात असे स्मारक असेल, तर या रविवारी त्यावरील एक नाव वाचा आणि गावातल्या जुन्या माणसाला त्या घराविषयी विचारा.

(थ्रेड समाप्त)